डावा कौल

११ मार्च, मंगळवार

आज कोंबडा मारला. कारण नव्हते. पाहुणा नाही, सण नाही, सासूला दात नाहीत. सकाळी अंगणात पायात आला, धरला, मान पिरगळली. मग तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ तशीच उभी राहिले. पिसे काढताना सासू ओसरीवरून बघत होती.

"तेणी काय केल्यान गो? कौल तेणी दिल्लो?"

रस्सा केला. मिरची दुप्पट घातली. दोघींनाही गेला नाही. कुत्र्याला घातला, तोही ठसकला.

१२ मार्च

झाले ते एकदा सरळ लिहून काढते. डोक्यात फिरते आहे ते कागदावर तरी थांबेल.

दत्ताराम (यापुढे नुसते द.) आणि मी, दोघांनी फेब्रुवारीत डिचोलीच्या कचेरीत लग्नाच्या नोंदणीची पहिली सही केली. माझ्या माहेरी दोडामार्गाकडे लोकांना वाटते, सही झाली म्हणजे लग्न झाले. भावजयीने पेढेसुद्धा वाटले. इथे गोव्यात पहिली सही म्हणजे नुसते सांगणे. दुसरी झाल्याशिवाय काही नाही. दुसरी १६ एप्रिलला.

द. तेरेखोलच्या फेरीबोटीवर खलाशी. पेडण्यात थोरल्या भावाच्या घरी राहतात. त्यांनी लग्न केले नव्हते. लग्नानंतर ते इकडे लाटंबार्सेला येणार होते, कारण सासूला मी कुठे टाकू? सासू म्हणजे माझ्या पहिल्या नवऱ्याची, ह्यांची आई. हे जाऊन आठ वर्षे झाली. तिनेच आधी म्हटले, "घरात एक पुरुस आसलो तर माका बरां. निदान माड तरी उतरयतलो."

गेल्या आठवड्यात द.चा फोन. "भावान देवाक कौल लायलो. डावो पडलो."

देवाच्या मूर्तीवर पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे मलाही ठाऊक आहे. तरी विचारले, "म्हणजे किते?"

"म्हणजे देव ना म्हणता."

"आनी तुमी किते म्हणतात?"

मागे फेरीचा भोंगा वाजला. तो थांबल्यावर म्हणाले, "बघया."

बघया! अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस.

१५ मार्च

विहिरीकडच्या केळी तोडल्या. गेल्या पावसात द.नी लावलेल्या, सात. कोयता चांगला लागला होता. पहिली एका घावात गेली, मग थांबता येईना. एकीला घड होता, अजून कोवळा. त्यालाच जास्त घाव घातले. पाणी तोंडावर उडाले, पातळाला डाग पडले. केळीचे डाग जात नाहीत. जाऊ देत.

सासू आली. वाकून केळफूल उचलले आणि आत गेली. दुपारी त्याची भाजी ताटात. मी ताट सरकवले. म्हणाली, "तेच्यार राग आसा, भाजयेर नाय. खा."

दोन घास खाल्ले. वाड्यावर शिगम्याचे ढोल चालू आहेत. प्रत्येक टिपरी कपाळावर पडते आहे असे वाटते.

१७ मार्च

दिवसभर पडून. अंघोळ नाही. पोदेर पाव घेऊन आला, भोंगा वाजवून वाजवून गेला. उठवेना.

ह्यांचे दुःख आहे, ते रोजचे आहे. सकाळी उठले की ते असते, चहा टाकते तेव्हा असते, त्याच्याबरोबर मी कामे करते. त्याने मला कधी अंथरुणात पाडून ठेवले नाही. हे दुसरे मात्र अंगावर धावून येते. जिवंत माणसाने नाही म्हटले की असे होते, हे मला माहीत नव्हते. मेलेला माणूस निदान "बघया" म्हणत नाही.

वाचनालयातून ज्वालामुखीवरचे पुस्तक आणलेय. प्रेमाच्या कादंबऱ्यांच्या कपाटाकडे पाठ करून उभी राहिले. बाई म्हणाल्या, "आज असले काय?" म्हटले, असलेच. एक पान चार वेळा वाचले. डोंगर फुटायच्या आधी विहिरींचे पाणी आटते, एवढे लक्षात राहिले.

१८ मार्च

द.शी ओळख पुस्तकानेच झाली होती, हेही आठवते आणि चीड येते. म्हणजे पुस्तक नव्हे, वाचण्याने. तीन वर्षांपूर्वी बचतगटाच्या बायका तेरेखोलचा किल्ला बघायला गेलो. फेरीवर सगळ्या कठड्याला लागून फोटो काढत होत्या, मी खाली बसून वाचत. द. दोरखंड गुंडाळत होते.

"किल्लो बघूक येयलात, की पुस्तक?"

म्हटले, "किल्लो खंय पळता?"

"पुस्तक पळता?"

"वाचनालयाचा आसा. परत करूचा लागता."

हसले ते. परतीच्या फेरीत किल्ल्याचा सगळा इतिहास विचारून घेतला माझ्याकडून. रोज त्याच्या पायथ्याशी बोट लावणारा माणूस, त्याला काही ठाऊक नव्हते. मला तेव्हा ते आवडले. काही माहीत नसले तर विचारायचे.

मग मलाही विचारायचे होते. देवाला कशाला?

२० मार्च

काजू पिकले. बोंडू काढून बी पिळायची, मग बोंडू कोळमीत, म्हणजे दगडी कुंडात, टाकून तुडवायचे. दरवर्षी हे काम मी आणि शेजारची सत्यवती मिळून करतो. आज कोळमीत उतरल्यावर बरे वाटले, बरेच दिवसांनी. टाचेखाली फुटतात, रस उडतो. जितक्या जोराने तुडवावे तितके चांगले, कोणी नको म्हणत नाही. मी तुडवत राहिले. सत्यवती म्हणाली, "सावकास गो, रस काढूचो आसा, सूड न्हय."

इथपर्यंत ठीक. मग म्हणाली, "मगे, न्हवरो खंय पावलो? फेरीत अडकलो काय?"

टोपली उचलून तिच्या अंगावर फेकली. बियांनी भरलेली. बी तिच्या भुवईवर लागली, रक्त आले. ती पदर लावून बघत राहिली आणि म्हणाली, "तुका येड लागलां." शिवी दिली असती तर बरे झाले असते.

संध्याकाळी तिच्या घरी हळद घेऊन गेले. दार उघडले, हळद घेतली, दार लावले.

२३ मार्च, रविवार

मयू आली वास्कोहून. माझी मुलगी, तिकडे बंदरावरच्या एका कचेरीत काम करते. सत्यवतीने फोन केला असणार.

येताच म्हणाली, "आई, केस बघ तुझे." तेल लावून दिले. जोरात चोळत होती, मला तेवढेच बरे वाटले. मग हळूच, "तो माणूस एवढा मोठा आहे का?"

म्हटले, "नाही."

"मग?"

तो मोठा नाही. मी मोठी झाले होते. पुन्हा कोणी विचारेल, तू काय वाचतेस, असे झाले होते. मुलीला हे कसे सांगायचे?

उद्या दवाखान्यात न्यायचे म्हणते. रजा घेऊन आली आहे.

२४ मार्च

सरकारी दवाखाना. डॉक्टर मयूपेक्षा लहान दिसली. झोप, भूक, काम, सगळे विचारले. मग खाली बघत विचारले, "मरावंसं वाटतं का?"

"नाही. मारावंसं वाटतं."

तिने वर बघितले. कोणाला, म्हणाली. म्हटले, कोंबडा झाला, केळी झाल्या, शेजारीण झाली. ती हसली नाही. म्हणून मला ती बरी वाटली. म्हणाली, उदास माणूस नेहमी रडतोच असे नाही. काही माणसे तोडफोड करतात. तेही तेच दुखणे. झोपेसाठी गोळी दिली, अर्धी. राग चढू लागला की हातातले टाकून घराबाहेर पडायचे, दम लागेपर्यंत चालायचे. पंधरा दिवसांनी परत.

मयू बसमध्ये म्हणाली, "असं कोण सांगतं डॉक्टरला?" मग खिडकीकडे तोंड करून हसत होती. ती हसली तेव्हा ह्यांच्यासारखी दिसली. दिवसभरात तेवढे एक.

२६ मार्च

चालले. बंद पडलेल्या खाणीपर्यंत. खंदकात हिरवे पाणी साठलेले. दगड उचलून उचलून फेकले, खांदा दुखेपर्यंत. मोठे फेकले. आवाज उशिरा येतो, आणि खोल. घरी आल्यावर पेज प्याले दोन वाट्या. झोप लागली.

गोळीने की दगडाने, सांगता येत नाही. दोन्ही चालू ठेवणार.

२८ मार्च

सकाळी फोन. द.ची वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको. सहीच्या वेळी कचेरीत साक्षीला आली होती, एवढीच ओळख.

"शालन, थंय देवाक किते विचारल्यानी, ता तुका म्हाईत आसा?"

"लग्नाचा."

"लग्नाचा नाव कोणी काढूक नाय! माज्या घोवान गाऱ्हाणां घातल्यान, 'तरंग धरतलो हात गाव सोडून जावचो काय?' आता देव हय म्हणतलो? माका विचारल्यार मी पण ना म्हटलां असतां."

तरंग मी फोटोत बघितला आहे. साडी नेसवलेला देवाचा उंच खांब, दसऱ्याला धरून नाचवतात. तो मान त्यांच्या घराण्याचा. थोरल्याचे गुडघे गेले, म्हणून द. धरतात. द. इकडे आले तर मान चुलतभावांकडे जाईल. एवढीच गोष्ट.

विचारले, "आनी दत्ताराम?"

"बाजूक उभो. हात जोडून."

"प्रश्न आयकलो तेणी?"

"कान आसत मगो तेका."

विचारले, मला का सांगता? वहिनी म्हणाली, "तीस वर्सां ह्या घरात माका किते व्हया ता कोणी विचारूक नाय. देवाक तरी विचारतत, तो पण आसो."

म्हणजे देव मला नाही म्हणालाच नाही. माझे नावच घेतले नव्हते. आणि ह्याने तीन आठवडे तो मला देवाचा नकार वाटू दिला. ह्याने. आजपासून "ते" नाही, "तो".

चालायला गेले नाही. आधी हातात होते ते टाकायचे असते, डॉक्टर म्हणाली होती. हातात पितळी तांब्या होता. भिंतीवर टाकला.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली नाही. सासूने उभारली, खुर्चीवर चढून, थरथरत. मी खाली खुर्ची धरून उभी.

त्याचे चार फोन. एकही घेतला नाही. वास्कोला परतलेल्या मयूच्या फोनवर निरोप ठेवला, मंगळवारी सुट्टी आहे, येतो.

१ एप्रिल, मंगळवार

दुपारी कोळमीत होते. सत्यवती येत नाही, एकटीच. तुडवून झाले होते, चोथ्याचा गोल ढीग, पिड्डो, बांधून त्याच्यावर ठेवायचा जांभ्याचा चिरा उचलला होता. तो आवाराबाहेरून आत आला. बसने आलेला, घामेजलेला. चप्पल काढून ठेवली. मला ते चप्पल काढणे दिसले आणि सहन झाले नाही.

"प्रश्न तुमका म्हाईत होतो?"

कोणी सांगितले, हे विचारले नाही त्याने. म्हणाला, "होतो."

"मगे कित्याक गप रवलात?"

"थोरलो भाव तो. देवळात कसो बोलतलंय?"

"फोनार देऊळ होतां?"

गप्प.

"तू गप रवलंस," मी म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तू म्हटले. "देवाच्या फाटल्यान लिपलंस. तुका नको होतां तर तोंडान सांगूचा."

"नको नाय गो. आयक. परत कौल लावया, सारको प्रश्न घालून..."

परत कौल. असे म्हणत कोळमीच्या काठावर उजवा हात टेकला, जवळ यायला.

चिरा हातातून सुटला.

नाही. वरचे वाक्य खोटे आहे. चिरा मी टाकला. हात बघून टाकला.

आवाज आला तो बोंडूतून बी पिळून काढताना येतो तसा. तो ओरडला नाही. "आवशी..." म्हणाला आणि खाली बसला. काठावरून रसात रक्त उतरत होते. मीच चिरा उचलला. दोन बोटे आणि मागचा भाग बघवत नव्हता. सासू तुवालो घेऊन आली, बांधला, मला बाजूला ढकलले. दोघेही माझ्याकडे बघत नव्हते. तो उठला, डाव्या हाताने चप्पल सरळ केली, रस्त्याला लागला. सासू त्याच्याबरोबर बस येईपर्यंत.

रस सगळा ओतून दिला. कोळमी घासली.

२ एप्रिल

हे टिपर ट्रकखाली गेले तेव्हा मला तोंड दाखवले नव्हते. हात दाखवला होता, अंगठीवरून ओळखायला. तो हात मी आठ वर्षे रोज बघते आहे. आणि काल दुसऱ्याचा हात बघून मी

पुढे लिहवत नाही.

३ एप्रिल

सासू बोलत नाही. पेज आणून ठेवते. मी भात चिवडते. चालायला गेले, दगडाला हात लावता आला नाही. खंदकाच्या काठावर हात पाठीमागे बांधून उभी होते, शाळेत उभे करतात तशी.

त्याने मला दुखवले म्हणून मी चांगली होते. आता तेही गेले.

५ एप्रिल

वहिनीचा फोन. आवाज बारीक केलेला.

"हाताक प्लास्टर घातल्यानी. दोन हाडां मोडली. कसो मोडलो, म्हाईत आसा तुका?"

"किते म्हणालो तो?"

"जेटयेर घसारलंय म्हणता. शेवाळार."

वहिनी म्हणाली, "तू किते केलंस, ता माका सांगू नको. फुडला आयक. सगळो गाव म्हणता, डावो कौल मोडून तुजेकडे येवक भायर सरलो, म्हणान देवान हातार मारलो. माजो घोव नारळ घेवन देवळात जावन येयलो. रागान न्हय, खुशयेन. म्हणता, देव जागृत आसा आमचो."

फोन ठेवून ओसरीवर बसले. त्याने माझे नाव घेतले नाही. देवळात गप्प राहिला, दवाखान्यातही गप्प राहिला. पहिल्या वेळी मी मेले, दुसऱ्या वेळी मी वाचले. माणूस तोच, गप्प राहणेही तेच. त्याला शिव्या कशा घालू?

आणि देव. माझा चिरा देवाच्या नावावर.

७ एप्रिल

सासू आज बोलली. मासळी साफ करताना, वर न बघता.

"गप रव. देवान मारलां म्हणतत, म्हणूंदेत. देवाक तुरुंगात घालीत नाय."

"आये, मगे कौल खरो ठरता."

"ठरूंदे. तुका घोव व्हयो, की खरां व्हयां?"

"दोनय."

"दोनय म्हणे!" बांगड्याचे डोके उडवले. "माका दोनय मेळूक नाय. एक घोव मेळलो, तो पण दारवेकार."

दोघी हसलो. मग ती म्हणाली, "तुज्या हातांक मी भियेलंय त्या दिवशी. माज्या झिलाच्या बायलेक कधी भियेवक नव्हतंय." झील म्हणजे हे.

आठ वर्षे एका ताटात जेवलो आम्ही. ही मला भ्याली. परवा डॉक्टरकडे जायचे आहे, तिथे हे सांगेन. सगळे सांगेन, चिऱ्यासकट.

९ एप्रिल

सांगितले. डॉक्टरने लिहायचे थांबवून ऐकले. म्हणाली, दुखणे हे कारण असेल, पण हात तुमचाच होता. म्हटले, हो, तेच सांगायला आले. गोळी बदलली. पणजीला मोठ्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. विचारले, "आता काय करणार?" म्हटले, पेडण्याला जाणार. "तिथे राग आला तर?" म्हटले, हातात काही नेणार नाही. पिशवीसुद्धा.

१० एप्रिल, गुरुवार

तिकिटाचे पैसे कमरेला, हात मोकळे. डिचोली, म्हापसा, पेडणे, तिथून त्यांचा गाव. ऊन.

थोरला सोप्यावर गुडघ्यांना तेल लावत बसला होता. द. पायरीवर, हात गळ्यात बांधलेला. बोटांची टोके बाहेर, काळीनिळी. मला बघून उठला. वहिनीने पाणी आणले. मी घेतले नाही, आधी बोलायचे होते.

थोरला म्हणाला, "आता कित्याक येयलंस? देवान दाखयल्यान मगो?"

"देवान काय करूक नाय. हात मी मोडलंय."

तो हसला. "किते?"

"चिरो घातलंय. माज्या आवारात. जेटी नाय, शेवाळ नाय."

त्याने भावाकडे बघितले. "खरां?"

द. जमिनीकडे बघत.

थोरला उभा राहिला, गुडघे विसरून. तेलाची वाटी लवंडली. "शिरां पडली तुज्या हातार! देवाचो हात मोडलंस! दसऱ्याक तरंग कोण धरतलो, तू?"

"प्रश्न खरो घातलो असतास, तर..." म्हणणार होते. घास गिळावा तसे गिळले. प्रश्न खोटा होता म्हणून चिरा खरा ठरत नाही. म्हटले, "मोडलो, ती चूक माजी. पोलिसांक बोलवा. मी हंय बसतंय." आणि बसले, अंगणात, मातीवर.

वहिनी दारातून म्हणाली, "बोलवा, बोलवा. देवाक किते विचारलां ता पण तेंका सांगा. मी साक्षीक आसय."

"तू भितर जा!"

गेली नाही ती. थोरला फोन हातात घेऊन उभा, नंबर लावत नव्हता. पुन्हा तेच म्हणू लागला, देवाचो हात, घराण्याचो हात, आज्यापणज्याचो...

"हात माजो."

एवढ्या हळू की प्रथम मला वाटले वहिनीच बोलली. द. होता. ना माझ्याकडे बघून, ना भावाकडे. प्लास्टरकडे बघून म्हणाला. थोरला बोलायचा थांबला. आम्ही तिघे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, पुढचे वाक्य येईल म्हणून. वाक्य आले नाही. थोरल्याने फोन खिशात ठेवला आणि लंगडत आत गेला.

बसपर्यंत द. बरोबर आला. मध्ये चार हात अंतर ठेवून. मला ते बरोबर वाटले. थांब्यावर विचारले, "परत मारशी?"

खोटे सांगायला तोंड उघडले होते. म्हटले, "कळना. औषध घेतंय."

मान हलवली. मग म्हणाला, "मी परत गप रवलंय तर?"

"ता पण कळना."

"बुधवार, सोळा," तो म्हणाला. दुसऱ्या सहीची तारीख सांगितली की विचारली, कळले नाही. बस आली.

सासू दिवाबत्ती करून वाट बघत होती. सगळे सांगितले. तिने दोनदा विचारून घेतले, नेमके काय म्हणाला. हात माजो. बराच वेळ वात पुढे सारत बसली. मग म्हणाली, "बुधवारी जातलंस?"

म्हटले, "आये, तो येतलो की ना, माका खंय म्हाईत?"

"तेचा कोण विचारता? मी तुजा विचारलां."